सरड्याची धाव : एका पठारी जातीचे वर्गीकरण आणि तिची वसती

सजीवांना नावे देण्याचे काम माणसाने शास्त्रज्ञ होण्याच्या कितीतरी आधी सुरू केले. मराठीपुरते पाहिले तर पाल, सरडा, सापसुरळी आणि घोरपड ही चार नावे खेड्यातील लहान मुलालाही ठाऊक असतात आणि त्यांचा वापर करताना ते सहसा चुकत नाही. प्राणिशास्त्राने गेल्या दोन-अडीच शतकांत सरपटणाऱ्या प्राण्यांची जी कुले निश्चित केली, त्यांतील चार प्रमुख कुले या चार मराठी शब्दांशी बरीचशी जुळतात, ही गोष्ट सहज दुर्लक्षिण्यासारखी नाही. भिंतीवर चिकटून चालणारी पाल, खरखरीत खवल्यांचा सरडा, गुळगुळीत तुळतुळीत अंगाची सापसुरळी आणि आकाराने मोठी, दुभंगलेल्या जिभेची घोरपड, असे भेद लोकव्यवहाराने नेमके हेरले होते. मात्र लोकव्यवहाराची दृष्टी येथपर्यंत येऊन थांबते. सरडा म्हणजे सरडा. त्यात पुन्हा पोटभेद करण्याची गरज शेतकऱ्याला वा गुराख्याला भासण्याचे कारण नव्हते.

शास्त्रीय वर्गीकरणाचे खरे काम नेमके येथून सुरू होते. गाझियाबादच्या एखाद्या वसाहतीत राहणारे मराठी कुटुंब कुंपणावर बसलेल्या प्राण्याला ‘सरडा’ म्हणते आणि शेजारचे हिंदी भाषिक कुटुंब त्यालाच ‘गिरगिट’ म्हणते. दोघांच्याही मनात मात्र असा समज असतो की, हिंडन नदीकाठचा हा प्राणी आणि कृष्णाकाठचा प्राणी एकच. ‘कॅलोटिस व्हर्सिकलर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बागेतील सरड्याविषयी शास्त्रज्ञांचीही दीर्घकाळ अशीच समजूत होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने त्या एका नावाखाली दक्षिण आशियात प्रत्यक्षात अनेक जाती नांदत असल्याचे दाखवून दिले. नाव एक असले की वस्तूही एकच असावी, असे मन धरून चालते. आणि जी वस्तू सर्वत्र आहे तिची काळजी कोणी करीत नाही. वर्गीकरणाचा प्रश्न केवळ विद्वानांच्या टेबलापुरता का राहत नाही, याचे उत्तर या साध्या निरीक्षणात आहे. साताऱ्याजवळच्या एका सरड्याची हकीकत त्या दृष्टीने उद्बोधक आहे.

एका नावाचे अनेक धनी

भारतीय द्वीपकल्पाच्या उघड्या, कोरड्या माळरानावर एक लहानसा, जमिनीवर राहणारा सरडा आढळतो. त्याच्या नराच्या गळ्याखाली त्वचेची एक घडी असते. विणीच्या हंगामात नर एखाद्या दगडावर चढून बसतो आणि ही घडी पंख्यासारखी उघडतो व मिटतो. पाठलाग झाला तर हा प्राणी मागच्या दोन पायांवर उभा राहून धावू शकतो. मागच्या पायाला चारच बोटे असणे, हे त्याच्या शरीररचनेचे एक ठळक लक्षण होय. श्रीलंकेच्या दमट अरण्यात राहणारा ‘ऑटोक्रिप्टिस’ हा त्याचा जवळचा नातेवाईक. पण त्याच्या मागच्या पायाला पाच बोटे असतात.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युविए याने १८२९ मध्ये या सरड्याला ‘सिताना पाँटिसेरियाना’ असे नाव दिले. नावातील दुसरा शब्द पाँडिचेरीवरून आला आहे. त्यानंतर एकोणिसाव्या शतकात भारतात काम करणाऱ्या व भारतातून आलेले नमुने तपासणाऱ्या शास्त्रज्ञांना या प्राण्यांत काही भेद जाणवले. गुंथर याने १८६४ मध्ये आणि जर्डन याने १८७० मध्ये आणखी एकेक जात वर्णिली. जर्डनने आपल्या जातीला दख्खनचे नाव दिले. तथापि पुढच्या पिढीतील अभ्यासकांना हे भेद स्वतंत्र जाती मानण्याइतके महत्त्वाचे वाटले नाहीत. माल्कम स्मिथ याने १९३५ साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत सरड्यांचा खंड लिहिला, तेव्हा या वंशात त्याने एकच जात मानली. नेपाळच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंत एक वंश आणि एक जात, असा हा निर्णय होता. तो पुढे साठ वर्षांहून अधिक काळ टिकला.

स्मिथचा निर्णय निष्काळजीपणाचा होता असे म्हणता येणार नाही. त्याच्यापुढे होते ते मद्यार्कात बुडवून ठेवलेले नमुने. मद्यार्कात खवले टिकतात, हाडे टिकतात, मापे घेता येतात. पण रंग उडून जातो. आणि या प्राण्याच्या बाबतीत भेदाची सर्वांत स्पष्ट खूण जर कोठे असेल, तर ती जिवंत नराच्या गळ्यावरच्या रंगात होती. नर आपला पंखा वर्षाचे काही आठवडेच पूर्ण रंगात मिरवतो. त्या आठवड्यांत, त्या माळावर जाऊन, उन्हात थांबून पाहणाऱ्यालाच तो दिसतो. चार्ल्स डार्विनला मात्र या रंगांचे महत्त्व जाणवले होते. १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथात त्याने या सरड्याच्या निळ्या, काळ्या आणि तांबड्या पंख्याचा उल्लेख केला. ही शोभा केवळ विणीच्या काळात प्रकट होते आणि मादीत तिचा लवलेशही नसतो, याकडे त्याने लक्ष वेधले. मादीच्या निवडीतून नराचे अलंकरण कसे घडत जाते, या त्याच्या सिद्धान्ताला हा एक पुरावा होता.

मराठी शब्दाचा लॅटिन संसार

१९९८ मध्ये नेपाळच्या तराई भागातून आणि २०१५ मध्ये श्रीलंकेतून या वंशाच्या नव्या जाती वर्णिल्या गेल्या, आणि एका जातीची ती जुनी समजूत डळमळू लागली. भारतीय द्वीपकल्पापुरता निर्णायक टप्पा २०१६ मध्ये आला. व्ही. दीपक, वरद गिरी, सुशीलकुमार दत्त, प्रवीण करंथ आणि त्यांचे सहकारी यांनी अनेक राज्यांतून गोळा केलेल्या नमुन्यांची मापे, खवल्यांची रचना, गळ्याच्या पंख्याचा विस्तार व रंग आणि पेशींतील आनुवंशिक द्रव्य, अशी चौफेर तपासणी केली. तिचा निष्कर्ष असा की, एकाच नावाखाली दोन वंश एकत्र कोंबले गेले होते. फिकट पंख्याच्या आणि आकाराने लहान अशा बहुतेक जाती ‘सिताना’ या जुन्या वंशात राहिल्या. आकाराने मोठ्या, मोरपिसासारखी निळी चकाकी असलेल्या पंख्याच्या जातींसाठी एक नवा वंश स्थापन करण्यात आला. त्याच शोधनिबंधात पाच नव्या जातींचेही वर्णन होते.

या नव्या वंशाचे नाव आहे ‘सरडा’. मराठीतील हा रोजचा शब्द, संस्कृत ‘सरट’ या शब्दाचा वंशज, जसाच्या तसा उचलून शास्त्रीय नामावळीत बसविण्यात आला. भाषेच्या अभ्यासकाला या घटनेत रस वाटण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, रोमन लिपीत ‘ड’ आणि ‘द’ यांचा भेद राहत नाही. त्यामुळे मराठी न जाणणारा भारतीय वाचक हे नाव ‘सारदा’ असे वाचू शकतो आणि त्याच्या मनात सरपटणाऱ्या प्राण्याऐवजी विद्येची देवता उभी राहण्याचा संभव आहे. दुसरी गोष्ट अधिक मनोरंजक. मराठीत सरडा पुल्लिंगी. पण शास्त्रीय नावे लॅटिन व्याकरणाने चालतात आणि तेथे आकारान्त नाम सामान्यतः स्त्रीलिंगी मानले जाते. म्हणून साताऱ्याच्या जातीचे नाव ‘सरडा सुपर्बा’ असे झाले. ‘सुपर्बा’ म्हणजे दिमाखदार, आणि हे विशेषण स्त्रीलिंगी आहे. ज्या नराच्या दिमाखावरून हे विशेषण सुचले, त्याला व्याकरणाने अशा प्रकारे स्त्रीचे लिंग बहाल केले.

‘सरडा’ या वंशात तीन जाती गणल्या गेल्या. जर्डनने दीडशे वर्षांपूर्वी वर्णिलेली आणि मधल्या काळात पुसली गेलेली दख्खनची जात पुन्हा प्रस्थापित झाली. दुसरी जात डार्विनच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिसरी ‘सुपर्बा’. तिचा प्रमाणभूत नमुना, म्हणजे ज्याच्या आधारे त्या नावाचा अर्थ कायमचा ठरतो तो प्राणी, सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरून घेतलेला आहे.

मराठीखेरीज अन्य भारतीय भाषांनीही या सरड्यांच्या नामकरणात वाटा उचलला. तमिळनाडूच्या किनारपट्टीवरील एका जातीला ‘विसिरि’ हे नाव मिळाले. तमिळमध्ये त्याचा अर्थ हातपंखा. २०१८ मध्ये तेलुगू शब्दावरून ‘तोंडलु’ ही जात नामांकित झाली, आणि त्याच वेळी बेळगाव जिल्ह्यातील गोकाकच्या नावाने आणखी एक. सर्वांत लक्षणीय उदाहरण २०१६ मध्ये वर्णिलेल्या ‘मरुदम्नेय्दल’ या जातीचे होय. प्राचीन तमिळ काव्यशास्त्रात भूप्रदेशाचे पाच प्रकार मानले असून प्रत्येकाशी एक भाव जोडलेला आहे. ‘मरुदम्’ म्हणजे पिकाऊ शेतजमीन आणि ‘नेय्दल’ म्हणजे समुद्रकाठ. हा सरडा या दोन भूप्रदेशांत आढळतो, म्हणून दोन्ही नावे जोडून त्याचे नाव सिद्ध झाले. प्राण्याची ओळख त्याच्या भूमीवरून करावी, हे तत्त्व संघम कवींना मान्य होते. आधुनिक प्राणिशास्त्र वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचले.

जमिनीवरचे बेट

बेट म्हटले की डोळ्यांपुढे पाण्याने वेढलेली भूमी उभी राहते. प्राणिभूगोलात मात्र या शब्दाला व्यापक अर्थ आहे. वॉलेस याने १८८० साली बेटांवरील जीवसृष्टीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मॅकार्थर आणि विल्सन यांनी १९६७ मध्ये बेटांच्या जीवभूगोलाचा सिद्धान्त मांडला: बेट जितके लहान आणि मुख्य भूमीपासून जितके दूर, तितक्या त्यावरील जाती कमी. हा सिद्धान्त पुढे पर्वतशिखरे, तळी आणि अरण्यांचे तुकडे यांनाही लावण्यात आला. एखाद्या प्राण्याला जेथे जगता येते अशी जागा आणि तिच्याभोवती जेथे जगता येत नाही असा विस्तार, एवढे असले की बेट सिद्ध होते. इंडोनेशियातील कोमोडोच्या प्रचंड घोरपडीचे बेट समुद्राने आखले आहे. साताऱ्याच्या सरड्याचे बेट डोंगराच्या कड्यांनी आणि झाडीने आखले आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावर काळ्या पाषाणाच्या थरांवर जांभ्याची टोपी आहे. ऊन, पाऊस आणि हवा यांनी मूळ खडकातील विद्राव्य द्रव्ये धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली, आणि त्यांतून हा तांबडा, सच्छिद्र दगड घडला. त्याच्या सपाट माथ्यांना स्थानिक लोक ‘सडा’ म्हणतात. सड्यावर माती बोटभर, तीही सर्वत्र नाही. पावसाळ्यात पाणी साचते, रानफुलांचे गालिचे पसरतात. उन्हाळ्यात दगड भाजून निघतो. या दोन टोकांच्या परिस्थितीशी जुळवून घेणारे जीवच येथे टिकतात आणि पुष्कळदा ते दुसरीकडे टिकत नाहीत. साताऱ्याजवळच्या कास पठाराचा २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसास्थळात समावेश झाला, तो याच वैशिष्ट्यामुळे. साताऱ्याच्या सड्यांवरील ‘वायतुरा’ ही पाणवनस्पती आणि याच पठारी प्रदेशातून २००८ मध्ये वर्णिलेली, साताऱ्याचेच नाव धारण करणारी एक पाल, ही त्याची आणखी दोन उदाहरणे.

चाळकेवाडीचे पठार हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. उघडा माळ, विखुरलेले दगड, तुरळक गवत ही ‘सुपर्बा’ची गरज. नराला उंचवट्याचा दगड हवा आणि त्याचा पंखा दुरून दिसेल असा मोकळा अवकाश हवा. कड्यावरून खाली उतरले की दाट झाडी लागते, दरी लागते, शेती लागते. तेथे या सरड्याला थारा नाही.

हे बेट कसे घडले असावे, याचेही एक उत्तर २०१८ साली दीपक आणि करंथ यांच्या अभ्यासातून पुढे आले. पंखेवाल्या सरड्यांचे पूर्वज दमट प्रदेशातील होते. मायोसीन काळात भारतीय द्वीपकल्प हळूहळू कोरडे होत गेले, अरण्ये आक्रसली, उघडी माळराने वाढली आणि त्या नव्या भूमीवर या सरड्यांचा वंशविस्तार झाला. म्हणजे ज्या कोरडेपणाला आज उजाडपणा म्हटले जाते, त्यानेच ही विविधता घडविली. अमेरिका खंडालगतच्या कॅरिबियन बेटांवर ‘अनोलिस’ नावाच्या सरड्यांनीही असाच रंगीत गळपंखा विकसित केला आहे. ते निराळ्या कुलातील असून या सरड्यांशी त्यांचे जवळचे नाते नाही. समान गरजेतून समान साधन दोन ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाले, एवढाच त्याचा अर्थ.

दोन याद्या

येथवरची हकीकत शास्त्राच्या प्रगतीची वाटते. परंतु तिला एक दुसरी बाजू आहे. १९३५ च्या वर्गीकरणानुसार हा सरडा दुर्मीळ नव्हता. तो तराईपासून लंकेपर्यंत पसरलेला, सर्वसाधारण प्राणी होता. २०१६ च्या वर्गीकरणाने त्याचा एक अंश वेगळा काढला आणि त्याची वसती मोजक्या सड्यांशी निगडित असल्याचे उघड झाले. प्राण्यात काही बदल झाला नव्हता. तो पूर्वीही तेवढाच होता. दुर्मिळता नव्याने निर्माण झाली नाही, ती नव्याने दृष्टीस पडली. जोवर नाव नव्हते तोवर एखाद्या पठारावरून हा सरडा नाहीसा झाला असता, तरी शास्त्राच्या वहीत ‘इतरत्र विपुल’ अशीच नोंद राहिली असती.

याच भूमीचे आणखी एक वर्गीकरण अस्तित्वात आहे आणि ते जमिनीचे आहे. शासकीय व्यवहारात खडकाळ, उघडी, पीक न देणारी जमीन पडीक गणली जाते. पडीक जमिनीच्या राष्ट्रीय नकाशासंग्रहातही उघड्या खडकाळ भूमीचा स्वतंत्र प्रकार आहे. नांगराच्या दृष्टीने हे वर्णन चुकीचे नाही. परंतु पडीक या शब्दात ‘येथे काहीही केले तरी कोणाचे काही जात नाही’ असा एक अध्याहृत अर्थ दडलेला असतो. एका यादीत जी भूमी पडीक, तीच दुसऱ्या यादीत एका जातीचे घर आहे. या दोन याद्या निरनिराळ्या कचेऱ्यांत ठेवल्या जातात आणि त्यांची गाठ क्वचितच पडते.

चाळकेवाडीच्या पठारावर ही गाठ पडली, ती पवनचक्क्यांमुळे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांपासून तेथे वाऱ्यावर वीज निर्माण करणारी यंत्रे उभी राहत गेली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर यांनी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्यासह याच पठारावर पवनचक्क्यांचा भाग आणि पवनचक्क्या नसलेला भाग यांची तुलना केली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्ष्यांची संख्या जवळजवळ चौपट होती. पात्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी झाले म्हणून सरड्यांची दाटी वाढली. एवढ्यावर थांबले तर निष्कर्ष सुखद वाटेल: दुर्मीळ सरडा वाढला, मग बिघडले काय?

बिघडले ते मोजणीच्या पलीकडे होते. पवनचक्क्यांच्या भागातील सरडे अंगाने कृश आढळले; दाटीमुळे अन्नासाठी स्पर्धा वाढली असावी, हे त्याचे संभाव्य कारण. शिकाऱ्याची भीती उरली नसल्याने माणूस बराच जवळ आल्यावरच ते पळत. संकटसमयी रक्तात वाढणारे ताणाचे संप्रेरकही त्यांच्यात कमी भरले. आणि नरांच्या गळ्यावरचे रंग फिके होते. ज्या दिमाखावरून या जातीचे नाव पडले, तो दिमाखच तेथे उतरला होता. आकाशातील एका बदलाचा परिणाम पक्ष्यांमार्फत जमिनीवरच्या प्राण्याच्या कातडीपर्यंत पोहोचला. संख्या पाहणाऱ्याला हा परिणाम दिसला नसता. तो दिसण्यासाठी ही कोणती जात आहे, तिचा नर निरोगी असताना कसा दिसतो आणि तिचे वर्तन काय असते, हे आधी निश्चित झालेले असावे लागते. वर्गीकरणाचा उपयोग तो हाच.

यावरून पवनऊर्जा त्याज्य ठरते असा अर्थ काढणे योग्य होणार नाही. कोळसा न जाळता वीज मिळविणे ही काळाची गरज आहे. प्रश्न आहे तो यंत्रांसाठी भूमी निवडताना कोणती यादी उघडायची याचा. सह्याद्रीच्या माथ्यावर वारा सर्वत्र आहे. ‘सुपर्बा’ सर्वत्र नाही.

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ अशी मराठीत म्हण आहे. कुवतीची मर्यादा दाखविण्यासाठी, बहुधा उपहासाने, ती वापरली जाते. प्राणिभूगोलाच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यात उपहासाचे काही कारण उरत नाही, ते एक साधे विधान ठरते. प्रत्येक जातीला तिचे कुंपण असते. काहींचे कुंपण समुद्र, काहींचे वाळवंट, आणि साताऱ्याच्या या सरड्याचे कुंपण म्हणजे सड्याची कडा. कुंपणापलीकडे त्याला धावता येत नाही, म्हणूनच कुंपणाच्या आत काय घडते याला महत्त्व आहे. ते कुंपण कोठे आहे हे १९३५ साली माहीत नव्हते आणि आज माहीत आहे. जमिनीच्या नोंदीत त्याची रेघ उमटविणे, एवढे काम शिल्लक आहे.